कुंपणातलं एक्केचाळीस

३ मार्च, सोमवार

एक्केचाळीसला कळ्या आल्या. मोजल्या, तेवीस. गेल्या वर्षी याच दिवशी सतरा होत्या. नोंदणी कचेरीच्या निरीक्षक बाई अठरा तारखेला येणार आहेत. तोवर निम्म्या तरी उमलतील. बाई मापं घेतील, फोटो काढतील, आणि पटलं तर कागदावर 'नवीन वाण' असा शिक्का बसेल, खाली निर्माता म्हणून माझं नाव. बारा वर्षं त्या शिक्क्यापायी घातली. एवढ्या वेळात लोक दोन घरं बांधतात.

झुडूप तसं साधं आहे. आई बागेतली पांढरी: थोराड, मोठ्या फुलांची, वासाच्या नावाने शून्य. बाप रानातली पिवळी: काटकुळी, फूल नखाएवढं, पण वास घेतला की माणूस दोन पावलं मागे येऊन पुन्हा घेतो. दोघी एकाच कुळातल्या, चुलत बहिणी म्हणा. त्यांचा संकर मी घडवला. सव्वाशे रोपं वाढवली, त्यातलं एक्केचाळिसावं निघालं पिकल्या जर्दाळूच्या रंगाचं, पांढरीएवढ्या फुलाचं आणि पिवळीच्या वासाचं. बाकीची उपटून टाकली.

सकाळी मी मापं लिहीत होतो तेव्हा ताई काहीतरी सांगत होती. शेंड्यांना कीड का काय, दोन छाटले म्हणाली. मी हूं म्हटलं. मी कामात असलो की नेमकं तिला बोलायचं सुचतं.

मधमाश्यांनी उच्छाद मांडलाय. शेडनेटच्या जाळीवर दिवसभर डोकं आपटत असतात. बाहेरच्या झुडपांवर तर बघायलाच नको.

५ मार्च, बुधवार

या मोसमातले संकर सुरू केले. पद्धत तीच. उमलायच्या आदल्या दिवशी कळी अलगद उघडायची, आतले पुंकेसर चिमट्याने एकेक काढायचे, म्हणजे फुलाला स्वतःचा पराग मिळत नाही. दुसऱ्या दिवशी आपल्याला हव्या त्या बापाचा पराग ब्रशने लावायचा. दोन्ही दिवस वरून कागदी पिशवी घट्ट बांधायची, चिठ्ठी लावायची. माशी नाही, वारा नाही, नशीब नाही. हे सगळं मी माझ्या पुस्तकात लिहून ठेवलं आहे आणि बारा वर्षांत त्यात काना-मात्रेचा बदल केलेला नाही.

चिमटा बोथट झालाय. माझ्या हातून दोन कळ्या चिरल्या. ताईने तोच चिमटा घेऊन चौदा केल्या, एक बिघडली नाही. तिला सवय आहे. कावीळ होऊन मी दोन महिने अंथरुणाला खिळलो, ते नऊ वर्षांपूर्वीचं वर्ष. तेव्हापासून बारीक काम तिच्याकडेच आहे. एक्केचाळीसचा संकर त्याच वर्षीचा. मी पडल्या पडल्या सांगत होतो, ती करत होती. संध्याकाळी येऊन सांगायची, सगळं व्यवस्थित. नवरा गेल्यावर ताई माझ्याकडे आली ती मला आधार म्हणून, असं ती सगळ्यांना सांगते. मी खोडून काढत नाही.

११ मार्च, मंगळवार

घाईत लिहितोय, अक्षर वाईट येईल.

पँट कमरेत सैल करून घ्यायची होती. ताई दर मंगळवारी शिंप्याकडे जातेच, तिच्याकडे द्यावी तर ती म्हणाली, अरे बाळ्या, माप तुझ्या पोटाचं घ्यायचंय, माझ्या नाही. म्हणून गेलो बरोबर. कालव्याच्या कडेला त्याचं दुकान, मागे घर. शिंप्याने न विचारता ताईपुढे बिनसाखरेचा चहा ठेवला. मला विचारलं, साखर किती. म्हणजे येणंजाणं बरंच आहे. दर आठवड्याला एका बाईचं असं किती शिवण निघतं, हा प्रश्न मला आजवर पडला नव्हता.

माप देताना मागच्या दारातून कुंपण दिसलं. रानटी पिवळीचं, अघळपघळ वाढलेलं. आणि त्याच्या मधोमध जर्दाळू रंग.

माप अर्धं टाकून मी मागे गेलो. जवळून पाहिलं, वास घेतला. एक्केचाळीस. माझं एक्केचाळीस, पुरुषभर उंच, गुंतवळ्यासारखं, कुणी निगा न राखलेलं आणि फुलांनी लगडलेलं.

शिंपी मागोमाग आला, गळ्यात टेप. म्हणाला, "छान आहे ना? मी काही लावलेलं नाही हो. आपसूक आलं. चार-पाच वर्षं झाली असतील."

आपसूक म्हणे. पाच वर्षांपूर्वीच एक्केचाळीसला पहिलं फूल आलं होतं.

ताई म्हणाली, "मी तुला दोनदा सांगितलं होतं, शिंप्याकडे तुझ्यासारखं एक आलंय, बघून ये."

सांगितलं असेल. चोराने सांगून ठेवणं यासारखी दुसरी सोय नाही.

एक पान तोडून आणलं. खालची बाजू जरा लवदार आहे, आपल्याची गुळगुळीत असते. कालव्याच्या पाण्याचा फरक असणार.

१२ मार्च, बुधवार

कुठेतरी पाणी मुरतंय. सकाळी एक्केचाळीसचे शेंडे मोजले. जानेवारीच्या नोंदीत अडतीस, आज छत्तीस. दोन्ही ठिकाणी काप तिरका. मी काप सरळ घेतो. तिरका काप या घरात एकाच माणसाचा.

म्हणजे पाच वर्षांपूर्वीही दिलं आणि अजूनही चालूच आहे. शिंप्याच्या कुंपणातून आणखी कुठे कुठे गेलं असेल कोण जाणे. अठरा तारखेला निरीक्षक बाई आल्या आणि कुणी त्यांच्या कानावर घातलं की हे झाड तर कालव्यावर फुकट मिळतं, तर कसला नवीन वाण आणि कसलं काय.

तळपायाची आग मस्तकात गेली आहे, पण बोललो नाही. आधी पुरावा.

१३ मार्च, गुरुवार

शेडनेटला कुलूप लावलं. किल्ली माझ्या खिशात. ताईला म्हटलं, मांजरं शिरतात. ती म्हणाली, मांजरं कडी काढायला कधी शिकली? मग पाण्याची झारी घेऊन दाराशी उभी राहिली, मी जेवण संपवून येईपर्यंत. पुढे काही म्हणाली नाही, म्हणजे तिला पटलं असावं.

१५ मार्च, शनिवार

आडून आडून विचारून पाहिलं. छाटलेले शेंडे आपण कुठे टाकतो? म्हणाली, खड्ड्यात. सगळेच? म्हणाली, नाही, काहींचं लोणचं घालते. मी हसलो नाही. पूर्वी हसलो असतो.

तिची मंगळवारची पिशवी दाराच्या खुंटीला असते. ती उघडून पाहिली. आत एक पँट होती, माझीच, अर्ध्या मापावरून कमरेत सैल केलेली, आणि खिशाचं भोकही शिवलेलं. ते मी सांगितलं नव्हतं. शिंपी माझी मर्जी संपादन करू बघतोय.

१६ मार्च, रविवार

बोललो. राहवेना. सकाळचा चहा चालू होता.

मी म्हटलं, "ताई, एक्केचाळीसची फांदी तू शिंप्याला दिलीस."

तिने कप खाली ठेवला. "मी दिली नाही."

मी शेंड्यांची गोष्ट काढली, तिरक्या कापाची काढली, पाच वर्षांचा हिशोब मांडला. बिनसाखरेच्या चहाचाही उल्लेख केला. तो करायला नको होता असं आता वाटतं, कारण तिचा चेहरा बदलला तो तिथे. पण त्यावरूनच काय ते समजायचं.

ती म्हणाली, "मी एकदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणार नाही. माझा भाऊ आहेस, साहेब नाहीस."

दिवसभर भांडी नेहमीपेक्षा हळू वाजत होती. आदळआपट केली असती तर बरं झालं असतं.

१७ मार्च, सोमवार

ताई गेली. दुपारी एक सुटकेस आणि शिवणाचा डबा घेऊन निघाली. बाजाराच्या रस्त्यावर वरच्या मजल्याला एक खोली घेतली आहे म्हणे, शिंप्याच्या ओळखीने. अर्थात.

जाताना म्हणाली, "आज सहा नंबरच्या ओळीतल्या कळ्या करायच्या आहेत, उद्यावर टाकू नकोस. उमलून जातील."

मी म्हटलं, मला माहीत आहे. माहीत नव्हतं.

१८ मार्च, मंगळवार

निरीक्षक बाई वेळेवर आल्या. तिशीच्या असतील, बुटांना चिखल, बोलणं मोजकं. एक्केचाळीस पाहून डोळे मिटून वास घेतला, तेव्हा मला बारा वर्षांचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. पुंकेसर, पाकळ्या, पानांची लांबी, सगळं मोजलं, एक्केचाळीसची आणि कुंड्यांतल्या त्याच्या आईबापांची पानं पाकिटात घातली. माझी पुस्तकं चाळली. म्हणाल्या, "नोंदी फार सुरेख ठेवल्यात."

तिथेच थांबायला हवं होतं. पण माझ्या पोटात मावेना. म्हटलं, मॅडम, एक चोरी झाली आहे, ती तुम्ही डोळ्यांनी बघा. त्यांना घेऊन कालव्यावर गेलो. शिंपी मशीनवर होता. ताई समोर बसून काज करत होती. आम्ही मागे गेलो, दोघांपैकी कुणी उठलं नाही.

बाईंनी कुंपणातलं पान उलटं करून अंगठ्याने चोळलं. मग कुंपणभर हिंडून त्यांनी आणखी चार झुडपांची पानं घेतली, कालव्याच्या उतारावरचीही घेतली. एवढं कशाला, मी विचारलं.

"फांदीवरून केलेलं झाड असेल तर ते तुमच्या झाडाशी तंतोतंत जुळेल," त्या म्हणाल्या. "जुळलं तर तुमची तक्रार खरी. नाही तर आईबाप शोधावे लागतील. या दोन जाती शेजारी असल्या की माश्या गप्प बसत नाहीत."

मी म्हटलं, माश्यांना बारा वर्षांत कधी जमलं नाही ते मी केलंय. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.

२३ मार्च, रविवार

नवा चिमटा आणला. तोही तसाच. अठरा कळ्यांपैकी अकरा चिरल्या. सहा नंबरची ओळ उमलून गेली, माश्यांची जत्रा भरली होती. हल्ली चिमटे पूर्वीसारखे करत नाहीत.

घरात मी आणि नळ, दोघंच आवाज करतो.

१ एप्रिल, मंगळवार

कालव्याच्या पलीकडच्या बाकावर वर्तमानपत्र घेऊन बसलो. नजर ठेवायला. दोन तासांत शिंप्याकडे पाच गिऱ्हाइकं आली. कुणाच्या हातात फांदी दिसली नाही. ताई बटणं लावत होती. शिंपी काहीतरी बोलला आणि ती हसली, मान मागे टाकून, मोठ्याने. आमच्या घरी ती अशी हसल्याचं मला आठवत नाही. एवढं हसण्यासारखं काय असतं, हा संशय घ्यायलाच हवा. पण घरी आलो तेव्हा संशयापेक्षा भूकच जास्त लागली होती आणि स्वयंपाक केलेला नव्हता.

१० एप्रिल, गुरुवार

निरीक्षक बाई स्वतः आल्या. टपालाने कळवलं असतं तरी चाललं असतं, पण म्हणाल्या, हे समोर बसूनच सांगायला हवं.

शिंप्याचं झुडूप माझ्या एक्केचाळीसची फांदी नाही. पानातल्या हिरव्या कणांचा वारसा या कुळात आईकडून येतो, त्यावरून आई कळते. कुंपणातल्याची आई रानातली पिवळी आणि बाप बागेतली पांढरी. एक्केचाळीसचं बरोबर उलटं. दोन्हीकडे रंग तोच आला, वास तोच आला, पण बियाणं वेगळं. म्हणून पानं खालून लवदार, आईवर गेलीत. माशीने पांढरीचा पराग कालव्यावर नेला, बी पडलं, रुजलं. आपसूक आलं.

म्हणजे ताईने दिलं नव्हतं.

मी पाणी प्यायलो. बाई म्हणाल्या, "आणखी एक आहे. तुमच्या पुस्तकात एक्केचाळीसचा बाप म्हणून तीन नंबरच्या कुंडीतली पिवळी लिहिली आहे. ती नाही. बाप कालव्याच्या उतारावरच्या पिवळ्यांपैकी एक आहे. तुमचा संकरही माश्यांनीच केलाय."

मी म्हटलं, अशक्य, पिशव्या होत्या. त्या म्हणाल्या, पिशव्या कुणी बांधल्या होत्या?

नोंदणी अडणार नाही म्हणाल्या. अर्ज बदलायचा. 'नैसर्गिक संकर, निवड व जोपासना' असं लिहायचं. निवड कुणी केली, वाढवलं कुणी, ते महत्त्वाचं. मी ऐकत होतो, पण माझं लक्ष नऊ वर्षांपूर्वीच्या अंथरुणावर होतं.

११ एप्रिल, शुक्रवार

माफी मागायला गेलो होतो. वाटभर वाक्यं जुळवली होती. वरच्या मजल्यावरची खोली, एक पलंग, खिडकीत शिवणाचा डबा. ताईने दार उघडलं आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते हे: "त्या वर्षी पिशव्यांचं काय झालं होतं?"

मला स्वतःची लाज वाटली, पण शब्द बाहेर पडून गेले होते.

ताई पलंगावर बसली. "विचारलंस एकदाचं."

मग तिने सांगितलं. पुंकेसर काढून झाले होते, पराग दुसऱ्या दिवशी लावायचा होता. रात्रीत वारा सुटला. सकाळी बघते तर पिशव्या तारेला लटकलेल्या आणि फुलांवर माश्या. शेडनेट तेव्हा नव्हतं. तिने माश्या हाकलल्या, तीन नंबरचा पराग वरून लावला, पुन्हा पिशव्या बांधल्या, माझ्या सांगण्याप्रमाणे चिठ्ठ्या लावल्या.

"आणि मला म्हणालीस, सगळं व्यवस्थित."

"तू पिवळाधमक पडला होतास. डॉक्टर माझ्याशी हळू आवाजात बोलायचे. तुला मी काय सांगणार होते, पिशव्या उडाल्या म्हणून?"

"नंतर सांगायचंस."

"रोपं उगवली तेव्हा सांगणार होते, तू आनंदाने वेडा झाला होतास. पहिलं फूल आलं तेव्हा तू मला हाताला धरून नेलंस आणि म्हणालास, ताई, बघ, हे मी केलं. 'मी' म्हणालास. मग म्हटलं, असू दे त्याचं."

नऊ वर्षं माझ्या मोठेपणाला हिने टाका घालून ठेवला होता, आणि मी तिचे शेंडे मोजत होतो. हे मी तिला बोललो नाही. जमलं ते एवढंच: "ताई, माझं चुकलं. फार चुकलं. घरी चल."

तिने खिडकीबाहेर पाहिलं. पलीकडे कालव्याकाठी शिंपी दुकानाची फळी उचलत होता.

"कामाला येईन," ती म्हणाली. "कळ्या वाया जातायत तुझ्या. आठ ते पाच. राहायला नाही."

मी म्हटलं, तेही चालेल. मनात म्हटलं, आठवडाभरात विरघळेल.

१४ एप्रिल, सोमवार

आठाला पाच कमी असताना ताई आली. मी शेडनेटचं कुलूप रविवारीच काढून फेकलं होतं. तिने कडीकडे बघितलं आणि आत गेली.

नवा अर्ज मी शनिवार-रविवारी बसून लिहिला. नैसर्गिक संकर. निवड व जोपासना या रकान्यात आमच्या दोघांची नावं, तिचं आधी. वाटलं होतं तिचे डोळे भरून येतील. तिने चष्मा लावून वाचलं, "कुठे करू?" विचारलं आणि सही केली. मग बसून एकवीस कळ्या केल्या. मी शेजारी स्टूल घेऊन पिशव्या बांधत होतो. माझा हात कापतो, हे मी तिला आज पहिल्यांदा सांगितलं. म्हणाली, "सहा वर्षं झाली त्याला." दुपारी आम्ही बरंच बोललो. शिंप्याच्या मशीनचा पट्टा तुटला ती गोष्ट तिने सांगितली, मी हसलोही. मला वाटलं, मिटलं.

पाच वाजता तिने चिमटा पुसून ठेवला, हात धुतले, खुंटीवरची पिशवी घेतली. दाराशी आली आणि पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी उघडून माझ्यापुढे धरली.

मी म्हटलं, "हे काय?"

"बघून घे."

"ताई, असं करू नकोस."

"रोज बघायचं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, असता तर मी काही बोललो असतो. "परत कधी शेंडे कमी भरले तर मला रात्रभर जागं राहायचं नाही."

ती तशीच उभी राहिली. हात अवघडले तरी खाली घेतले नाहीत. मी दाराबाहेर बघत राहिलो, जमिनीकडे बघत राहिलो, ती हलली नाही. शेवटी मी वाकून आत पाहिलं. चष्म्याची डबी, रुमाल, पाण्याची बाटली.

"झालं?" तिने विचारलं.

मी झालं म्हटलं. मग तिने पिशवी खांद्याला लावली आणि ती घरी गेली.